मोर ठेवण्याआधी विचारायचं ते

वरचं घर
११ फेब्रुवारी २०१७

नेस्टा,

तुझं कार्ड मिळालं. नऊ वर्षांतलं पहिलं. अक्षर ओळखलं आणि दोन दिवस ते पाकीट चहाच्या डब्याला टेकवून तसंच ठेवलं. कुणीतरी गेलं असणार, असं वाटलं. आपल्या वयात, इतक्या वर्षांनी, बहिणीचं पत्र दुसऱ्या कशासाठी येतं?

तर कॅरिसला मोर पाळायचेत. तिला पाचवा महिना आहे, लिंकनशरला तिनं तीन एकरांची जागा घेतलीय, आणि तू तिच्याच आवारातल्या लहान घरात राहायला गेलीयस. हे सगळं मला एका कार्डावरून कळलं. भाचीला दिवस गेलेत हे मावशीला कळायला मोर लागले. असो. टोमणे मारायला बसलेली नाही.

तू लिहितेस, मोर ठेवण्याआधी कशाकशाचा विचार करायचा ते तू लिहून पाठव, तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे, तुझं पत्र दाखवलं की पोरीचा हट्ट जाईल. म्हणजे तुला माझ्याकडून भीती घालून हवी आहे. बरं. जमेल तेवढी घालते.

पहिलं म्हणजे त्यांचं आयुष्य. मोर वीस वर्षं जगतो. माझा बिशप तेरा वर्षांचा झाला, अजून ठणठणीत आहे. छाती काढून, कुणाकडे न बघता, मागे झगा फरफटत चालतो म्हणून तुझ्या एल्विननं त्याला ते नाव दिलं होतं, ते तू विसरली नसशील. कॅरिसच्या पोटातलं मूल कॉलेजात जायला निघेल त्या दिवशीही तिला सकाळी उठून दाणे टाकावे लागतील. हे तिला आधी सांग.

दुसरं, जागा. तीन एकर पुष्कळ झाली, पण आणल्या आणल्या मोकळे सोडून चालत नाही. ते तडक जुन्या घराच्या दिशेनं निघतात आणि वाटेत कुठल्यातरी गाडीखाली संपतात. निदान तीन महिने कोंडून ठेवायचं. मग आधी एकटी लांडोर सोडायची. बाकीचे आत असले की ती परत येते. तिची सवय झाली की इतरांना. पिंजरा म्हणण्यापेक्षा खोली म्हणावी एवढा मोठा हवा, वरून जाळी हवी, आणि मोराला पिसाऱ्यासकट वळता आलं पाहिजे. बसायला गोल दांडी नको, चार बोटं रुंद सपाट फळी हवी. त्यावर तो पायाची बोटं पोटाखाली घेऊन बसतो. गोल दांडीवर थंडीत बोटं उघडी राहतात आणि झडतात. माझ्या एका लांडोरीची झडली आहेत.

बागेचा लोभ असेल तर मोर ठेवू नयेत. कोबी, वाटाणे, फुलांच्या कळ्या, काही शिल्लक ठेवत नाहीत. पायऱ्यांवर इतकी घाण करतात की मी पुढचं दार बंदच करून टाकलंय. चकचकीत गाडीत स्वतःला बघितलं की दुसरा मोर समजून चोची मारतात. पोस्टमन आता गाडी फाटकाबाहेर लावून चालत येतो.

आवाज करतात. तो वर्षातले काही महिनेच असतो.

हात दुखायला लागला. हल्ली दाण्याची बादली अर्धी अर्धी करून दोन खेपांत नेते, त्यामुळे सकाळ तिथेच संपते.

ग्लेनिस


वरचं घर
६ मार्च

नेस्टा,

चार ओळींचं उत्तर आलं तुझं. त्यातल्या तीन ओळी एकाच गोष्टीवर: आवाजाबद्दल एवढंच का लिहिलंस?

सांगते. आधी राहिलेलं संपवू दे.

कॅरिसनं कोंबड्या ठेवल्या असतील तर मोर त्यांच्याजवळ आणू नयेत. कोंबड्यांच्या पोटातल्या जंतांमधून एक रोग येतो. कोंबडीला त्याचं काहीच होत नाही, ती मजेत फिरते, आणि मोर पिवळी पिवळी घाण करत चार दिवसांत मान टाकतो. माझी सहा पिल्लं एका आठवड्यात गेली, तेव्हा गुरांच्या डॉक्टरनं सांगितलं. त्याच दिवशी मी सगळ्या कोंबड्या देऊन टाकल्या. तीन-तीन महिन्यांनी जंताचं औषध द्यावं लागतं, पावातून द्यायचं. बिशपला पाव आवडतो, पण औषध घातलेला पाव त्याला लांबून कळतो. तेव्हा तासभर जातो.

लांडोर अंडी घालायला उंचावर जात नाही. गवतात, कुंपणाखाली, जिथं कोल्ह्याला सोयीचं पडेल तिथं बसते आणि महिनाभर हलत नाही. दरवर्षी एखादी जाते. सकाळी पिसं दिसतात. पहिल्यांदा मी रडले होते. आता झाडू घेऊन जाते.

आता आवाज. तो मी मुद्दाम अर्ध्या ओळीत उरकला. त्याचं कारण मला लपवता येणार नाही, किंग्टनच्या बाजारात निम्म्या लोकांना ठाऊक आहे, तुला कुणीतरी सांगेलच. मी हे घर सोडतेय. माझं कमरेचं हाड गेलंय. एकदा ऑपरेशन झालं, उपयोग झाला नाही. सप्टेंबरअखेर किंग्टनला तळमजल्यावरची दोन खोल्यांची जागा मिळणार आहे. तिथं पाळीव म्हणून मासा चालतो. माझ्याकडे बिशप आहे आणि तीन लांडोरी. वर्षभर विचारते आहे, कुणी घ्यायला तयार नाही. एक जण बिशपला घेतो म्हणाला, पण तो जेवणाच्या टेबलावर. थट्टा करत होता की नाही ते मला कळलं नाही.

अशात तुझं कार्ड आलं. कॅरिसनं माझेच घ्यावेत असं माझ्या मनात आलं. तुझ्याशी खोटं नाही बोलले, पण म्हणून खरं थोडंच लिहिलं. तू ते पहिल्याच वाचनात पकडलंस. लहानपणीही असंच होतं. आईला मी जे सांगत नसे ते तुला दिसायचं.

पुढच्या पत्रात आवाजाचं लिहीन. एका बैठकीत जमणार नाही.

ग्लेनिस


वरचं घर
२६ मार्च

नेस्टा,

आज सकाळी बिशपनं वर्षातली पहिली हाक दिली. आता ऑगस्टपर्यंत चालणार. उजाडताना, तिन्हीसांजेला, आणि मधे कुणी दार आपटलं, ट्रॅक्टर सुरू केला, मेघ गडगडले, कशालाही. एका दमात सात-आठ वेळा. अंगणात उभं राहिलं तर कानात दडे बसतात, आणि तुमच्या खालच्या घराच्या मागच्या खोलीत काय होतं ते तुला माहीत आहे.

तू त्या वर्षीचंच विचारते आहेस, कॅरिसचं निमित्त आहे, हे मला कळत नाही असं समजू नकोस.

एल्विनला एप्रिलात हेरफर्डच्या रुग्णालयातून घरी पाठवला. ऑपरेशनमध्ये गळा कापलेला. तीस वर्षं बाजारात लिलाव पुकारणारा माणूस, एका दमात मेंढ्यांचा आख्खा कळप विकणारा, आणि त्याला पाणी हवं तर बोटांनी दाखवायचं. तू सगळ्या दारांना लोकरीच्या पट्ट्या लावल्यास. घड्याळ बंद केलंस. कॅरिसला घरात मोजे घालून चालायला लावलंस. तुझ्यासारखं मला जमलं नसतं, हे मी तेव्हाही म्हणायला हवं होतं.

१० मेला तू औषधं आणायला किंग्टनला गेली होतीस. मी त्याच्यासाठी कस्टर्ड घेऊन खाली आले. तुला न सांगता आले, कारण तू कुणाला आत येऊ देत नव्हतीस. मी बसले असताना बिशप गोठ्याच्या छपरावरून ओरडला. मला लाज वाटली. म्हटलं, एल्विन, मोराची खोली तयार आहे, उद्यापासून त्याला कोंडते, आता नाही त्रास होणार.

त्यानं माझी बाही धरली. तेव्हा त्याला अजून थोडं कुजबुजता येत होतं. मी कान जवळ नेला.

"राहू दे," तो म्हणाला. "या घरात सगळे कुजबुजतात. कुणीतरी ओरडू दे."

मग म्हणाला, "नेसला सांगू नकोस. एवढं करून तिनं ही शांतता आणलीय."

मी कबूल केलं. कस्टर्ड त्यानं दोन चमचे खाल्लं. मी वाटी धुऊन घरी आणली म्हणून तुला कळलं नाही.

महिनाअखेरीला तू अंगणात येऊन मला म्हणालीस, ग्लेन, त्या पक्ष्याला बंद कर. मी म्हणाले, खोलीचं दार मोडलंय. दार मोडलं नव्हतं. तू जाऊन बघितलंस की नाही, मला माहीत नाही. जूनमध्ये तू अंगणात उभी राहून शेजारच्या शेतापर्यंत ऐकू जाईल असं बोललीस, की माझा मोर त्याला मारतो आहे. तेव्हाही मी गप्प राहिले. मग कौन्सिलचा माणूस आवाज मोजायचं यंत्र घेऊन आला. तो आला त्या दिवशी बिशप एकदाही ओरडला नाही. १४ तारखेला एल्विन गेला. चॅपलमध्ये मी सगळ्यांत मागच्या बाकावर बसले. तू बाहेर येताना माझ्याकडे बघितलं नाहीस. पानगळीत खालचं घर शनिवार-रविवारी येणाऱ्या लोकांना विकून तू गेलीस.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की मी मरणाऱ्या माणसाला दिलेला शब्द पाळला, आणि त्यासाठी बहीण गेली तर गेली. त्या विचारावर बरीच वर्षं काढता येतात.

पण त्यानं ते एकदा सांगितलं होतं, १० मेला. त्यानंतर पस्तीस दिवस तो जगला. त्या पस्तीस दिवसांत मी एकदाही खाली येऊन त्याला विचारलं नाही, एल्विन, अजून तसंच वाटतं का? तू दारात उभी होतीस म्हणून आले नाही, असं मी म्हणू शकले असते. तसं नव्हतं. तू बाजाराला जायचीस तेव्हा मला वरून गाडी दिसायची. मी आले नाही कारण त्याचा तो गळा मला पुन्हा बघवला नसता. वर बसून मोराचं ओरडणं ऐकायचं आणि आपण त्याच्यासाठी काहीतरी करतोय असं समजायचं, हे सोपं होतं.

आवाजाबद्दल तुला विचारायचं होतं ते हे. कॅरिसला यातलं काय दाखवायचं ते तू ठरव.

ग्लेन


वरचं घर
४ मे

नेस,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तर लिहायला रोज बसते. आधी राग येईल, मग लिहीन, असं ठरवलं होतं. राग आला नाही. कदाचित रागाला जेवढी ताकद लागते तेवढी उरलेली नाही.

तू पत्रातून पाठवलेला कागद मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलाय, मिठाच्या बरणीखाली. रेघांच्या वहीतून फाडलेला, एल्विनचंच अक्षर, शेवटी शेवटी झालं होतं तसं वाकडं. "ग्लेन, आता पुरे. कोंड त्याला." खाली नुसता ए. मागे तुझ्या अक्षरात २ जून.

तू लिहितेस, तो आवाज त्याला आता सोसत नाही हे तुला दिसतच होतं, म्हणून तू आधी माझ्याकडे आलीस. मी दार मोडल्याचं सांगितलं. मग त्यानं हे लिहून तुझ्या हातात दिलं आणि वरच्या घराकडे बोट दाखवलं. तू घडी घालायच्या आधी वाचलंस. "आता पुरे" वाचून दारातच थांबलीस. आता पुरे म्हणजे आधी काहीतरी ठरलं होतं. तुझ्या नवऱ्याचं आणि तुझ्या बहिणीचं, तुझ्याच घरात, तुझ्या पाठीमागे. तू कागद ॲप्रनच्या खिशात घातलास. अंगणात येऊन जे बोललीस ते खिशात हा कागद असताना बोललीस. मग आत जाऊन त्याला सांगितलंस, दिला.

ही शेवटची ओळ मी किती वेळा वाचली ते विचारू नकोस.

तू हा कागद मला दिला असतास, तर मी त्याच संध्याकाळी बिशपला कोंडला असता. त्याचं अक्षर बघून मी एक क्षण थांबले नसते. म्हणजे पुढचे बारा दिवस तो तिथं पडून हाका ऐकत होता आणि त्याला वाटत होतं, ग्लेनला माझी चिठ्ठी मिळाली, तरी तिनं ऐकलं नाही. माझ्याबद्दल हे मनात ठेवून तो गेला.

हे लिहून झालं. आता दुसरी बाजूही लिहिते, नाहीतर तू म्हणशील ग्लेन अजून तशीच आहे. तू तोंडानं सांगितलंस ते मी ऐकलं असतं, तर कागदाची गरजच पडली नसती. तू त्याची बायको होतीस. त्याला काय हवं हे मला बायकोच्या तोंडून पटलं नाही, आणि तुला बहिणीच्या नावची चिठ्ठी देववली नाही. मधे तो होता.

तू इतकी वर्षं हे मनात ठेवलंस आणि मग मोरांचं निमित्त करून कार्ड धाडलंस, मी कधी कबूल करते का ते बघायला. बघितलंस. तुझंही मी बघितलं.

कॅरिसचं पोट कसं आहे? बाकी काही सुचत नाही.

ग्लेन


वरचं घर
१९ जुलै

नेस,

बाळाचा, माब्लीचा, फोटो मिळाला. नाक एल्विनचं आहे, बिचारीचं. कॅरिसला म्हणावं, पोरगी छान आहे.

तिनं काल फोन केला होता, तुला सांगितलं असेलच. "ग्लेन मावशी, आईनं तुझी सगळी पत्रं मला वाचायला दिली," म्हणाली. मी खुर्चीत बसले. सगळी, म्हणजे सगळीच. मग म्हणाली, मोर मला हवेतच, आणि तुझेच हवेत. मी म्हटलं, तुझ्या आईनं ती पत्रं तुला भीती वाटावी म्हणून मागवली होती. ती म्हणाली, भीती वाटली ना, पण ती मोरांची नाही वाटली.

हा हट्ट तिनं कुणाचा उचलला ते आपण दोघींनी बोलायला नको.

सप्टेंबरात या. तोवर बिशपचा पिसारा झडलेला असेल, मोठ्या खोक्यात मावेल. येण्याआधी पंधरा दिवस मी त्यांना खोलीतच दाणे टाकेन, म्हणजे आत यायची सवय राहील. तू येणार की नुसती कॅरिस, ते कळव. मला जेवण बघावं लागेल.

ग्लेन


वरचं घर
२१ सप्टेंबर

नेस,

तुम्ही गेल्याला चार दिवस झाले. तुझ्या छत्रीचा दांडा इथंच राहिला. छत्री कुठं गेली कोण जाणे.

तुझ्या पत्रात तू म्हणतेस की आपण त्या दिवशी काहीच बोललो नाही. मला तर वाटतं बोललो. तू गाडीतून उतरलीस, गुडघा धरून उभी राहिलीस, आणि म्हणालीस, "काय गं, इतकी म्हातारी झालीस?" मी म्हटलं, "तू आरशात बघून आलीयस का?" नऊ वर्षांनी एवढं पुष्कळ झालं. मग सँडविच खाल्ली. हॅम खारट होतं, तू सांगितलंसही.

मोर पकडायची मला भीती होती, कारण मला वाकता येत नाही आणि कॅरिस पोरीला पाजत होती. तू खोलीत शिरलीस. बिशपला कोपऱ्यात रेटलंस, दोन्ही पाय एका हातात धरलेस, जुनं स्वेटर त्याच्या डोक्यावर टाकलंस, आणि मातीत फतकल मारून त्याला मांडीवर घेतलंस. तुला कुणी शिकवलं? मी शिकवलं नाही. तो गप्प पडून राहिला. डोकं झाकलं की ते गप्प होतात, पण तुझ्या मांडीवर तो जरा जास्तच गप्प होता.

मी दारात टेकून उभी होते. कॅरिस खोका आणायला गेली.

"मी तुला माफ केलेलं नाही," तू म्हणालीस. माझ्याकडे न बघता.

"मीही नाही," मी म्हटलं.

"मग ठीक आहे." तू त्याच्या डोक्यावरचं स्वेटर सारखं केलंस. "याचे पाय सोडू का? मनगट भरून आलं."

"सोडू नकोस. नखानं फाडेल."

तू सोडले नाहीस. कॅरिस येईपर्यंत तशीच बसलीस. तुझे डोळे भरले होते की नाही, ते मला तिथून दिसलं नाही, आणि मी जवळ येऊन बघितलंही नाही. तेवढं मला आता कळतं.

एक सांगते. गाडी वळणापलीकडे गेल्यावर मला वाटलं होतं, आता मी रडेन. त्याऐवजी खोली झाडली, फळ्या धुतल्या, आणि आत येऊन कपड्यांसकट झोपले. दुसऱ्या दिवशी आठ वाजता उठले. आयुष्यात इतक्या उशिरा कधी उठले नव्हते. कुणी दाणे मागायला नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी किल्ल्या द्यायच्या आहेत. खालच्या घराचे लोक दयाळू निघाले, सामान हलवायला येणार आहेत. त्यांना बिशपची आठवण येते म्हणाले. शनिवार-रविवारचं प्रेम.

तीन महिने कोंडून ठेवायचं विसरू नकोस. कॅरिस दोन महिन्यांतच सोडू म्हणेल. ऐकू नकोस तिचं.

ग्लेन


किंग्टन
२ एप्रिल २०१८

नेस,

ही जागा बरी आहे. गरम पाणी नळातून लगेच येतं, पायरी एकही नाही. समोरच्या बाई दर बुधवारी बिस्किटं घेऊन येतात आणि स्वतःच खाऊन जातात. इथं इतकं शांत असतं की फ्रिज बंद झाला तरी कळतं. तू दारांना पट्ट्या लावल्या होत्यास ते एल्विनला का नकोसं झालं, ते इथं बसून कळायला लागलंय. हे तुला लागावं म्हणून लिहीत नाही.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं, समोरच्या बाईंनाही त्यातलं थोडं वाचून दाखवलं.

तू लिहितेस, बिशपनं तिथली पहिली हाक २६ मार्चला दिली. माब्ली पाळण्यात दचकली आणि मग हसली. कॅरिस टाळ्या वाजवत बाहेर आली. तू मात्र कोट चढवलास आणि चिखलातून शेजारच्या घरी गेलीस, मिस्टर थर्लबींकडे. कॅरिसला वाटलं, माफी मागायला निघाली. दार त्यांनी उघडलं. तू म्हणालीस, तो आवाज आमच्या मोराचा, ऑगस्टपर्यंत चालेल, तुमच्या घरात कुणी आजारी आहे का?

आणि होतं. त्यांची बायको नाताळापासून अंथरुणाला खिळलेली, पलीकडच्या खोलीत. वर्षाहून जास्त तुम्ही शेजारी राहता आणि हे कुणाला माहीत नव्हतं, कारण ते सांगत नाहीत.

ते म्हणाले, तिला काही त्रास नाही, काळजी करू नका. मी असते तर तेवढ्यावर परत आले असते आणि हलकं वाटून घेतलं असतं. तू म्हणालीस, तुमचं नको, त्यांनाच विचारते. बूट काढलेस आणि आत गेलीस. पलंगाच्या कडेला बसलीस. त्या बाई किती बारीक झाल्यात ते तू लिहिलंस आणि मग खोडलंस, पण मला खोडलेल्यातून वाचता आलं.

तू त्यांना विचारलंस, मोराचा त्रास होतो का, खरं सांगा.

त्या म्हणाल्या, "आज नाही झाला. आज बरं वाटलं, कुणीतरी आहे असं."

तू म्हणालीस, "मग राहू दे त्याला बाहेर. पण मी दर मंगळवारी येऊन विचारीन. ज्या मंगळवारी नको म्हणाल त्या दिवशी त्याला कोंडीन, आणि पुन्हा हवा म्हणालात तर सोडीन. यात कुणाला वाईट वाटायचं नाही."

त्या म्हणाल्या, "बरं, मग मंगळवारी विचारा."

नेस, मी तुला मोरांबद्दल पानंच्या पानं लिहिली. फळी चार बोटं रुंद असावी इथपर्यंत लिहिलं. एवढं एक माझ्याकडून लिहिलं गेलं नाही, कारण मी ते कधी केलं नव्हतं.

हे पत्र पोचेल तोवर निदान एक मंगळवार होऊन गेला असेल. त्या काय म्हणाल्या?

ग्लेन